पाठ फिरवणारे काका

चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला की काका पाठ फिरवायचे. आधी सांगायचे, "चेंडूला न्हाय साहेब, वालूला मारा." मग माझ्या हातात काठी द्यायची आणि थळच्या खत कारखान्याच्या चिमण्यांकडे तोंड करून उभं राहायचं.

निवृत्तीनंतर मी अलिबागजवळ घर घेतलं आणि, सांगायला लाज वाटते, गोल्फ शिकायला गेलो. काका माझी काठ्यांची पिशवी वाहायचे. साठी उलटलेली, डोक्यावर मैदानाची टोपी आणि खांद्यावर घरचा पंचा. तुम्ही कधी या फंदात पडला नसाल, म्हणून सांगतो: खड्ड्यात नेम चेंडूवर धरला की तो आणखीच रुततो. त्याच्या मागे चार बोटांवर वाळूत काठी हाणायची. वाळू उडते आणि तिच्याबरोबर चेंडूही बाहेर येतो. ज्याला काढायचं त्याला सोडून भलतीकडेच मारायचं, ही कुठली रीत? मला शेवटपर्यंत कळली नाही.

काका पाठ का फिरवायचे, हेही कळत नव्हतं. काही सभासद म्हणायचे, भला माणूस आहे, आपली फजिती बघत नाही. काही डोळा मारून म्हणायचे, चेंडू पायाने सरकवायला वाव देतो. मला दुसरं पटलं, कारण ते सोयीचं होतं.

वार्षिक सामन्यात अगदी शेवटी माझा चेंडू खड्ड्यात गेला. माझ्याविरुद्ध खेळणारे वकील टेकाडापलीकडे होते. काकांनी पाठ केली आणि मी चेंडू सरळ हाताने उचलून हिरवळीवर टाकला. काका दाताळं घेऊन वाळू सारखी करायला उतरले, क्षणभर थबकले आणि नेहमीसारखी वाळू ओढू लागले.

मी जिंकलो. वकिलांना संशय आला, त्यांनी तक्रार केली. मॅनेजरने काकांना बोलावलं.

"साहेबांनी चेंडू मारला की उचलला?"

"मी पाठ केलेली."

"तुम्हाला चेंडू बघायलाच ठेवलंय ना?"

"व्हय."

मी शेजारीच उभा होतो. तोंडात मिठाची गुळणी. चेंडूकडे न बघणारा माणूस काय कामाचा, असं म्हणून मॅनेजरने त्यांना उद्यापासून येऊ नका सांगितलं.

आठवडाभर झोप लागली नाही. शेवटी चषक मॅनेजरच्या टेबलावर ठेवला, खरं काय ते सांगितलं आणि काकांना परत आणायला त्यांच्या गावी गेलो. ते अंगणात भात वाळत घालत होते. मला कोरा चहा दिला, पण कामावर यायला नको म्हणाले.

"काका, वाळूवर काठीचा वळ नव्हता. तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसला ना."

"मग सांगितलं का नाहीत?"



"तो खड्डा हाय ना साहेब, तिथं आमचा राब होता. भाताची रोपा तिथंच वाढायची. जमीन इकली, पैसं घेतलं, ता खरा. पन जो येतो तो तिला हानतो, मना बघवत न्हाय." पायाने भात पसरवत ते म्हणाले, "त्या दिशी तुमीच एकले, न मारता गेलात. तुमच्या इरुद्ध कसा बोलू?"

माफी मागायला गेलो होतो. आता कशाची मागू ते कळेना.