स्विच माझ्या गाडीत होता

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. सगळी नोकरी नेटवर्किंगमध्ये गेली. लाइन गेली तर कारण असतंच... सापडलं नाही, तर तुम्ही नीट शोधलं नाही, एवढं साधं माझं मत. आजही तेच आहे — ही एक दुपार सोडून.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस. आमची कंपनी रस्त्यांच्या कामावर होती. दोहाच्या दक्षिणेला, बिरकत अल अवामेरला कामगारांच्या कॅम्पशेजारी आमचं पोर्टा केबिनमधलं साइट ऑफिस होतं. तिथली इंटरनेटची लाइन मधेच जायची, मधेच यायची. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झाले, उन्हानं तापतंय म्हणून पंखाही लावला. ढिम्म फरक नाही.

त्या दिवशी पोचलो, तर स्टोअरकीपर इस्माईलभाई लॅपटॉपसमोर बसलेले. रत्नागिरीकडचे, माझ्याहून वयानं मोठे. गावी त्यांची अम्मी शेवटच्या घटका मोजत होती आणि विमानाचं तिकीट रात्रीचं मिळालेलं. बहीण व्हिडिओ कॉल लावून लावून थकली होती. मोबाइलवरून तसले कॉल तेव्हा इथे लागत नसत, आमच्या ऑफिसच्या लाइनवरच लागायचे.

"भाऊ, तोंड तेवढं दिसूदे तिचं," ते म्हणाले. "मग खलास, काय मागत नाय."

स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा, पार मेलेला. तो काढून गाडीत टाकला आणि दुसरा आणायला जवळच्या वक्रा गावातल्या आमच्या स्टोअरकडे निघालो. "मी येईपर्यंत काही लागणार नाही," असं त्यांना सांगून गेलो. येताना डायव्हर्जनमध्ये अडकलो... नुसती चिडचिड.

परत आलो तर इस्माईलभाई दारात उभे. डोळे सुजलेले, चेहरा मात्र शांत.

"झालं बोलणं. एकदापन तुटला नाय. माझ्यासोबत कलमा पढलान, आनि डोळे मिटलेन."

नवा स्विच माझ्या हातात, अजून खोक्यातच. आत भिंतीवर केबल नुसत्या लोंबत होत्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "अम्मीनं विचारलान, तुझ्या पाठी वायर धरून कोन बसलाय? घामानं भिजलाय बिचारा, त्याला जेवायला घाल. मी वळून बघितला नाय... तिच्यावरची नजर काढवेना. पन तुमीच असनार."

मी तेव्हा वक्राच्या रस्त्यावर होतो. केबिनमध्ये त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

नंतर मी सगळं तपासलं. शेजारच्या कॅम्पचं वायफाय, लॅपटॉपमधलं सिम, जे जे सुचलं ते सगळं. काही म्हणजे काही निघालं नाही.

पण त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडून माझ्यापुढे मच्छी-भात वाढला. ज्याची आई आत्ता गेली, त्याला मी काय सांगणार? जेवायला बसलो. कुणाच्या वाटणीचं जेवतोय ते कळत नव्हतं. तरी जेवलो — आणि उठताना थोडा भात त्या लोंबत्या केबलखाली काढून ठेवला.