पहिल्या बेसवर नाबाद

अबुधाबीतल्या रुवैसच्या कंपनी कॉलनीतल्या बेसबॉल टीममध्ये अमेरिकन होते, जपानी होते, फिलिपिनो होते आणि पुण्याचा मी एकटा. नऊ वर्षं खेळलो. बॅट चेंडूला लागायची, पण पाय जड. चार टप्प्यांपैकी पहिल्या बेसपर्यंत कसाबसा पोचायचो आणि तिथे उभा असतानाच डाव संपायचा. आकडेमोड मात्र माझ्याकडे होती. प्रत्येकाच्या बॅटिंगची सरासरी काढून सर्वकालीन पहिल्या दहांची यादी मी क्लबहाउसच्या भिंतीवर लावायचो. पहिलं नाव माझंच.

यंदा कंपनीने मला कमी केलं. एचआरवाल्याने सही घेतली आणि ‘खलास’ म्हणाला. मला काही वाटलं नाही. गाडी विकली, घरातलं सामान खोक्यांत गेलं, तरी ढिम्म. आपण गेलो तरी भिंतीवर नाव राहील, एवढंच मनाशी धरून होतो.

जाण्याआधीची शेवटची यादी टाइप करायला लेकीला बसवलं. ती इथेच वाढलेली, कॉलेजात शिकते. माझ्या हिशेबाच्या वह्या चाळता चाळता ती थांबली.

"बाबा, यू हॅवन्ट काउंटेड ऑल युअर टर्न्स."

"अगं, डाव संपला तेव्हा मी बेसवर होतो ना. म्हणजे नाबाद. नाबाद खेळी भागाकारात धरत नाहीत."

"दॅट्स क्रिकेट, बाबा. इन बेसबॉल दे ऑल काउंट."

नऊ वर्षं हे कुणी तपासलं नव्हतं. भारतीय माणूस गणितात चुकायचा नाही, असा त्या भल्या लोकांचा समज. तिने सगळ्या खेळ्या धरून पुन्हा भागाकार केले. मी अकरावा आलो. यादी दहांचीच.

"नोबडी विल चेक," ती हळूच म्हणाली. "शॅल आय कीप द ओल्ड वन?"

मी नको म्हटलं. तेव्हाही आत काही हललं नाही.

शनिवारी सकाळी तिला घेऊन गेलो, जुनी यादी काढली, नवी लावली. अमेरिकन कॅप्टनने ती वरपासून खालपर्यंत वाचली. मी चूक सांगितली. त्याने माझ्या हातात बॅट दिली आणि इथल्या अरबीत ‘चल’ म्हणाला. "यल्ला, वन लास्ट गेम."

शेवटच्या डावात चेंडू बरा लागला. धापा टाकत पहिला बेस गाठला. पुढचा बाद झाला आणि खेळ संपला. सगळे पाणी प्यायला निघाले. मी बेसवरच उभा होतो.

"ही खेळी धर गं!" मी लेकीला ओरडून सांगितलं, आणि मग मला रडू आवरेना.