बाळाचे ठोके शिकताना

विदर्भातून पुण्याला नर्सिंग शिकायला आले तेव्हा प्रसूतीचं पुस्तक मला तोंडपाठ होतं, पण हात काही केल्या ऐकत नव्हते. पोटावर हात ठेवून आधी बाळाची पाठ शोधायची. ती सलग आणि टणक लागते. दुसऱ्या बाजूला हातापायांचे उंचवटे. पाठ सापडली की तिथे फीटोस्कोप, म्हणजे कर्ण्यासारखं छोटं नळकांडं, टेकवून कान लावायचा. माझ्या हाताला सगळं सारखंच लागायचं. आमच्या मॅडम पक्क्या पुणेरी. "आपण बाळ शोधताय की कणीक मळताय?" असं सगळ्यांसमोर विचारायच्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

शेवटी मला शिकवलं ते तपासणीला आलेल्या बिबवेवाडीच्या एका बाईने. शिवणकाम करायची, पहिलटकरीण होती. बाकीच्या बायका शिकाऊ मुलगी दिसली की पदर ओढून घ्यायच्या. ही म्हणाली, "बघा ताई निवांत. मीसुद्धा ब्लाउज बिघडवूनच शिकले." तिच्या पोटावर मला पहिल्यांदा पाठ सापडली. कान लावला, तर आत घाईघाईने टकटक चाललेली.

"मॅडम, आवाज येऊन राह्यला!" मी ओरडले.

"येऊन राहिला असेल, तर मोजा आता."

त्यानंतर दर तपासणीला ती मलाच शोधायची. खरं सांगायचं, तर ते बाळ मला थोडं माझंही वाटायला लागलं होतं.

नववा महिना भरत आला तेव्हा एका सकाळी ती आपल्या आईला घेऊन आली. तपासणीचा वार नव्हता. "कालपासून हललंच नाही," म्हणाली. मी कान लावला. ठोके ऐकू आले, संथ पण स्पष्ट. मला इतकं हायसं वाटलं! माझी बोटं तिच्या मनगटावर होती. आईची नाडी बाळाची समजू नये म्हणून आम्हाला तशी सवय लावतात. कानातला ठोका आणि बोटांखालचा ठोका एकाच वेळी पडत होते. ऐकू येत होते ते तिचेच होते.

"लागले ना?" तिने विचारलं. मी मॅडमना बोलावून आणलं. सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं.

गेलेल्या बाळालाही जन्म द्यावाच लागतो. कळा तशाच येतात, जोरही तेवढाच लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी तिला लेबर रूममध्ये नेताना तिच्या आईने माझा हात धरला. "तिला बाळ दाखवू नका हो. बघितलं की जीव गुंतेल तिचा." मला ते पटलं.

बाळ आलं. एरवी अशा वेळी सगळे रडण्याची वाट बघतात. त्या दुपारी कुणी बघितली नाही. मी बाळाला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाजूला न्यायला वळले.

"आईला दाखव," मॅडम म्हणाल्या.

आमच्या लेबर रूममध्ये रीत आहे. बाळ झालं की आईसमोर धरायचं आणि मुलगा की मुलगी ते तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं. नंतर अदलाबदलीचा संशय नको. पण या बाळावर हक्क सांगायला कोण भांडत येणार होतं? मला मॅडमची भयंकर चीड आली.

"तिची आई नको म्हणतेय," मी म्हणाले.

"इथे आई ही आहे. हिला विचार."

मी विचारलं. तिने मान डोलावली. मी दुपटं उघडलं. नेहमीचा प्रश्न विचारावा लागलाच नाही. तिने बाळाला कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत सावकाश पाहिलं.

"मुलगी झाली मला," ती म्हणाली. मग दोन्ही हात पुढे केले. मी बाळ तिच्या कुशीत दिलं.

"माझ्या आईला आत बोलवा ना," ती म्हणाली. "नात झालीय तिला."