आप्पांच्या नावाची लायब्ररी

त्या दिवशी सकाळी डेरीत कोण कोण हुतं ते आदी सांगते. मी, शेवंता, दूध मापायला काट्यावर. जुनं चेअरमन बापूसाहेब, दारात खुर्ची टाकून. नवा चेअरमन तात्या, आदल्या दिवशीचा गुलाल कानामागं तसाच. टँकरचा ड्रायव्हर इक्बाल, हॉर्नवर हात ठिवून. किटल्या घिऊन रांगेत हुब्या बाया, पुढं गंगूकाकी. फोनवर माझी सून स्वाती, सांगलीस्नं. आन् दोन मयत माणसं. बापूसाहेबांचं वडील आप्पा आन् तात्याचं वडील दादा. ती दोघं काय बोलली न्हाईत, पर झालं ते सगळं त्यांच्यापायीच.

लाईट हुती. कॉम्प्युटर चालू हुता. पर स्क्रीनवर तांबडी अक्षरं आली हुती आन् दुधाचा आकडा काय येत न्हवता.

फॅट म्हंजे दुधातली साय, लोणी, असं धरा. त्याच्यावर दुधाचा दर. माझं मालक फौजेत हुतं. ते गेल्यावर मला हितं काम मिळालं. तवा मशीन न्हवतं. दुधात ॲसिड घालायचं, बाटली गरागरा फिरवायची, वर चढलेली फॅट वाचायची. मी तिसरी शिकले, पर आकडं वाचता येत हुतं. ॲसिडनं बोटं भाजायची. हळद लावायची आन् पुढची बाटली घ्यायची. रडून दुधाची फॅट वाढत न्हाई.

मग मशीन आलं. ते आपलं आपण फॅट सांगतंय. पर आकडा कॉम्प्युटरात आमीच टायपायचा. एकीचा आकडा दुसरीच्या नावावर गेला की भांडणं. बापूसाहेबांनी ठराव केला, मशीननं थेट कॉम्प्युटरलाच सांगायचं, हातानं टायपायची सोय बंद. काम माझ्या सुनेला दिलं. तिचं सांगलीत विश्रामबागेला बारकं ऑफिस हाय. "घरचीच पोरगी हाय, आपलेपणानं करंल," बापूसाहेब म्हणालं. आपलेपणानं म्हंजे काय, ते तुमी वळखलं असंल.

स्वाती प्रोग्रॅम लिवती त्या भाषेचं नाव पायथन. अजगर म्हणं. आमी शिराळ्याकडची माणसं, आमाला सापाचं काय भ्या.

ती म्हणाली, "आत्या, ह्या भाषेला तुमच्या मशीनचं बोलणं कळत न्हाई. तयार मिळतंय का बघितलं, मिळत न्हाई. माझी मलाच लायब्ररी बांधाय लागंल."

"आगं, डेरीत पुस्तकं कोण वाचणार?"

ती हसली. म्हणाली, "तुमचा कांदा-लसूण मसाला कसा, तसंच हे. रोजच्या आमटीला कोण मिरची कुटत बसतंय का? एकदाच डंकावर जाऊन कुटून आणायचं, बरणीत भरायचं, फळीवर ठेवायचं. कुटून आणलं की झालं बिल्ड. फळीवर ठेवलं की झालं इन्स्टॉल. मग आमटी करताना नुस्तं नाव घिऊन मागायचं. प्रोग्रॅम लायब्ररीला असाच नावानं हाक मारतो. तिनं मशीनचं ऐकायचं आन् ह्याला सांगायचं."

हे मला कळलं. बापूसाहेबांना त्यातलं नाव तेवढं कळलं.

"नाव काय ठिवलंय?" त्यांनी इचारलं.

"दूध," स्वाती म्हणाली.

"दूध? शाळा आप्पांच्या नावाची. पाण्याची टाकी आप्पांच्या नावाची. एष्टीचा थांबा आप्पांच्या नावाचा. मग हीच तेवढी उघडी का?"

"आवं बापूसाहेब, हे आत असतंय. कुणाला दिसत बी न्हाई."

"मला म्हाईत असंल की. आन् पुढं कैलासवासी पायजे."

"नावात मोकळी जागा सोडता येत न्हाई."

"मग चिकटवून लिवा. कैलासवासी पायजेच."

लिवलं तिनं. कैलासवासी आप्पासाहेब, सगळं इंग्रजीत, एकाला एक चिकटवून. नारळ फोडला. कॉम्प्युटरला हार घातला. हाराचं पाणी कीबोर्डात गेलं, तो दुसरा आणला. पर लायब्ररी चालली. मशीनमधी दूध घातलं की आकडा आपसूक स्क्रीनवर. माझी बोटं मोकळी झाली.

आता बोर्डातली आर्धी माणसं तात्याची. निवडणुकीतच बोली झाली हुती, आर्धी मुदत बापूसाहेब चेअरमन, आर्धी तात्या. तात्याची पाळी आली. गुलाल उडला. हार गळ्यात असतानाच त्यानं पहिला हुकूम सोडला, डेरीवरचं आप्पांचं नाव काढा आन् आमच्या दादांचं घाला. पेंटरनं सांजच्याला बोर्ड रंगवला. मग त्यानं स्वातीला फोन लावला, लायब्ररीचं नाव बी बदल म्हणून.

ती म्हणाली, "करते तात्या. पर मला ती नव्यानं बांधाय लागंल. रविवारी येते आन् बसवते. तवर कुणी हात लावू नका."

फोन ठिवून तात्या म्हणाला, "बोर्ड तासाभरात झाला. हिला रविवार कशाला लागतोय?"

आन् सोताच बसला कॉम्प्युटरवर. फाईल हुडकली. आप्पासाहेब खोडलं, दादासाहेब लिवलं. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

मी म्हणलं, "स्वाती नको म्हणाली हुती."

"तुमची सून लय नको म्हणती," तात्या म्हणाला.

सकाळी पहिली किटली गंगूकाकीची. दूध मशीनमधी घातलं, आन् तांबडी अक्षरं. प्रोग्रॅमनं आप्पांच्या नावानं हाक मारली, फळीवर त्या नावाचं कुणी न्हवतं. मी स्वातीला फोन लावला आन् सगळ्यांना ऐकू जाईल असा ठिवला.

"तात्या, नाव तुमी बदललं का?"

"बदललं. आता प्रोग्रॅमला सांग, दादांच्या नावानं हाक मार."

"तसं चालत न्हाई. तुमी बरणीवरची चिठ्ठी बदलली. पर कुटताना आत बी नाव घातलेलं असतंय. बाहीरचं एक आन् आतलं एक झालं की कॉम्प्युटर घेत न्हाई."

"म्हंजे आत अजून आप्पाच?"

"व्हय."

दारातनं बापूसाहेब म्हणालं, "आत आप्पाच असणार. बोर्ड रंगवून मुळं निघत्यात व्हय रं?"

तात्याचा चेहरा गुलालासारखाच झाला.

स्वाती म्हणाली, "एक काम करा. फाईलला जुनं नाव परत द्या. लगेच चालू हुईल. रविवारी मी नीट करते."

"पहिल्याच दिवशी माझ्या हातानं माझ्या बापाचं नाव पुसू?"

बापूसाहेबांनी हळूच फोन काढला, चित्रण करायला. म्हणालं, "पूस की गड्या. मी कुणाला दावत न्हाई."

इक्बालनं हॉर्न दिला. "चाची, पावती झाली का? पुढची गावं वाट बघत्यात." पावतीबिगर तो कॅन घेत न्हाई. पावती कॉम्प्युटर देणार. हातानं करायची सोय बापूसाहेबांच्या ठरावानं गेलेली.

तात्या माझ्याकडं वळला. "म्हातारे, मशीन तुझ्या ताब्यात हाय. आज दूध ऱ्हायलं, तर उद्या ह्या खुर्चीवर तू न्हाईस."

दुसरी खुर्ची मला कोण देणार हुतं? लेक सरहद्दीवर, सून सांगलीला. ह्या खुर्चीवरच माझं म्हातारपण टेकलेलं. पर रडायचा येळ न्हवता, दूध तापत चाललं हुतं.

मी म्हणलं, "मला घालवायचं ते दुपारी घालवा. आदी दूध घालवा."

गंगूकाकी म्हणाली, "आवं तात्या, तुमचं दादा लय भला माणूस. त्येंच्या नावानं आमचं दूध नासवू नगा."

फोनमधनं स्वाती म्हणाली, "तात्या, दोघांना बी ठेवा. दादांच्या फाईलची एक कॉपी काढा, तिला आप्पांचं नाव द्या. दादांचं कुणी पुसत न्हाई."

तात्यानं इचार केला. "आन् मशीन चालणार कुणाच्या नावानं?"

"आप्पांच्या."

"मग दादा काय करणार?"

"दादा बसणार."

"नुस्तं?"

"मानानं."

तात्या म्हणाला, "बोर्डाला इचारतो." लागला एकेका मेंबरला फोन करायला. एक म्हणाला ठेवा. एक म्हणाला आप्पा वर नको, दादा वर पायजे. एकानं इचारलं, माझ्या चुलत्याचं बी बसतंय का? एक रानात हुता, त्याला काय ऐकूच येईना. तवर इक्बालनं गाडी चालू केली. "चाची, माफ करा," म्हणाला आन् गेला. त्याची काय चूक न्हवती.

टँकर वळणावर दिसंनासा झाला आन् तात्या म्हणाला, "बोर्डाची मंजुरी हाय. करा कॉपी."

स्वातीनं फोनवरनं सांगितलं तसं मी केलं. मशीन चालू झालं. एकेकीचं दूध घातलं, फॅट निघाली, पावत्या सुटल्या. सगळं बिनचूक. फकस्त दूध न्यायला कोण न्हवतं.

सांजच्याला तात्याचा सत्कार हुता. आचाऱ्यानं त्याच दुधाची बासुंदी केली. लय घट्ट झाली. हुणारच, फॅट चांगली हुती, पावत्या हायत्या. बायांना त्याचं काय मिळालं? पहिल्या रांगेत बसायला मिळालं.

पर त्याच्या आदी दुपारी बोर्डाची मीटिंग झाली, मला काढायला. दोन्ही गट एका इचारानं बसलं, असं पहिल्यांदाच घडलं. स्वाती एष्टीनं आली हुती. क्लार्क म्हणाला, "काढायला कारण लिवाय लागतंय. दूध कशानं ऱ्हायलं?"

स्वाती म्हणाली, "मी सांगते, लिवा. कैलासवासी दादासाहेबांच्या नावानं मशीन बंद पडलं."

तात्या उठला. "हे लिवायचं न्हाई."

"बरं. मग लिवा, आत कैलासवासी आप्पासाहेब अडकलं हुतं, म्हणून चाललं न्हाई."

बापूसाहेब उठलं. "हे तर आजिबात न्हाई."

"मग आत्यांनी काय केलं ते तरी लिवा," स्वाती म्हणाली.

क्लार्क पेन धरून बसला. पंखा फिरत हुता. मी भिताडाला टेकून हुबी. शेवटाला तात्यानं बापूसाहेबांकडं बघितलं, बापूसाहेबांनी छताकडं. आन् ठरलं, लाईट गेली हुती. ह्याला कोण नको म्हणणार? आमच्याकडं लाईट जातीच. आन् लाईट काय माझ्या ताब्यात न्हाई. खुर्ची ऱ्हायली.

रविवारी स्वातीनं लायब्ररी नव्यानं बांधली आन् बसवली. नाव ठिवलं दूध. कुणाला सांगितलं न्हाई. वर मातूर दोन फोटो टाकले. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की आदी आप्पा येत्यात हार घालून, मग दादा येत्यात हार घालून, मग दूध. तवर रांग हुबी ऱ्हाती. गंगूकाकी रोज हात जोडती आन् म्हणती, "बास झालं, निघा आता."

हे मी बोलले, सुनेनं लिवलं. वाचणाराला एवढंच मागणं हाय. तुमी बी कवा असं काय बांधून घेतलं, तर वडलांचं नाव कमानीवर घाला, दारावर घाला, आतल्या कामाला कामाचंच नाव ऱ्हाऊ द्या. आन् बदलायचंच झालं, तर टँकर गेल्यावर बदला.