चित्र आतल्या बाजूला

गेल्या महिन्यात ठाण्याच्या ऑफिसात बाबांचा फोन आला. "अरे, आपले वसंतराव गेले..." मला आधी आठवला तो खळीचा वास. दर जूनमध्ये आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांच्या पुस्तकांना वसंतकाका कव्हरं घालत, खळीने लेबलं चिकटवत. काका मानपाड्याच्या कारखान्यात युनियनचे पुढारी आणि पक्के रशियावाले. ठाण्याहून गुळगुळीत कागदाच्या रशियन मासिकांचे गठ्ठे आणायचे. इतका सुंदर कागद आमच्या कोणाच्याच घरात नव्हता. अट एकच, ट्रॅक्टरचं किंवा धरणाचं चित्र बाहेर दिसलं पाहिजे.

आमचे बाबा अमेरिकेच्या बाजूचे. फुकटचा कागद त्यांना चालायचा, पण घरी आल्यावर माझी सगळी कव्हरं ते उलटी करायचे. चित्र आत! "काय रे, तुझ्या बापाने ट्रॅक्टर पुन्हा गॅरेजमध्ये घातला का?" एवढंच म्हणून काका हसायचे. रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घातलं, त्यावरून मात्र दोघांमध्ये चांगला महिनाभर अबोला होता.

पुढे रशियाच मोडला. टीव्हीवर लाल झेंडा उतरला तेव्हा बाबा काकांच्या शेजारी जाऊन बसले आणि पहिल्यांदाच राजकारणावर एक शब्द बोलले नाहीत.

त्याच सुमारास काकांच्या मेधाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. काका नाही म्हणाले असते तर ती गेली नसती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. काही दिवसांनी एके सकाळी काकांनी तिची जाडजूड डिक्शनरी मागून घेतली. गव्हाच्या शेतात उभ्या हसऱ्या बाईचं, त्यांच्या सगळ्यात आवडीचं चित्र गठ्ठ्यातून काढलं आणि कव्हर घातलं. चित्र आत ठेवून.

"बाबा, उलटं घातलंत," मेधा म्हणाली.

"असू दे गं. परक्या ठिकाणी चाललीयस, उगाच कोणाच्या डोळ्यावर यायला नको."

मालकापुढे कधी न नमलेला माणूस लेकीसाठी नमला. काका मला सगळ्यात मोठे वाटले ते त्या दिवशी.

परवा मेधा आमच्याकडे आली, ती डिक्शनरी घेऊनच. बाबांनी हळूच कव्हर सोडवलं. बाहेरची बाजू पार मळली होती. आत मात्र ती बाई तशीच हसत होती, गहू तसाच पिवळा होता. बाबा कागद उलटून, चित्र बाहेर घेऊन कव्हर घालायला लागले. काही केल्या बसेना, जुन्या घड्या पुन्हा पुन्हा उलट्याच वळत होत्या. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"जरा खळ कर रे," ते म्हणाले.