रंगातला अंगठा

शेजाऱ्यांनी आज दाराला ऑइलपेंट दिलाय, आणि त्या वासासरशी मला सोलापूरच्या गिरणीतली एक संक्रांत आठवली. आमच्या खात्यात फिरत्या पट्ट्यात धोतर अडकून एकाचा पाय गेला होता, म्हणून यंत्रांभोवती पांढरी रेघ मारायचं ठरलं. सुट्टीमुळं गिरणी बंद होती, सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेला गेलेलं. घरी तिळगूळ करणारी बायको त्याच वर्षी वारली होती, म्हणून ते काम मी मागून घेतलं. सिमेंटच्या जमिनीत तेल मुरलेलं. तशा जमिनीवर रंग धरत नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं घासलं, धुतलं, पुन्हा घासलं, आणि टाकलेलं पाणी थेंबाथेंबानं वर न राहता जमिनीत जिरलं तेव्हाच हात थांबवला. एरवी कानठळ्या बसवणारं ते खातं इतकं गप्प होतं, की लांबून जत्रेतल्या हलग्या ऐकू येत होत्या. जमीन वाळल्यावर रेघ मारायला घेतली, आणि ती मारून होते तोच म्हातारा पहारेकरी आला. "काका, पुढं येऊ नगा, रंग वला हाय!" मी ओरडलो. "असू दे की. सणाचं घे, लेका," म्हणत त्यानं पलीकडून हात लांबवला. तिळाची वडी माझ्या हातात पडली, पण तोल जाऊन त्याच्या पायाचा अंगठा रंगात उमटला. "वरनं रंग फिरव, न्हाय तर जॉबर वरडंल," तो म्हणाला; जॉबर म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम. मी फिरवला नाही. रेघ चांगली टिकली; गिरणी सोडेपर्यंत रोज कामाला लागण्याआधी मी तो अंगठा बघायचो. आता शेजाऱ्यांनी दार वाळेपर्यंत मला राखणीला बसवलंय. सकाळपासून कुणी आलेलं नाही.