ओढ्याच्या तोंडचे मासे

ज्याच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही, त्याला माशांचा कारकून नेमायची अक्कल सरकारलाच सुचावी. सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. शहराबाहेरच्या एका तलावाच्या कचेरीत मी लागलो, आणि हौशी लोकांना गळ टाकण्याचे परवाने लिहिणं माझ्याकडे आलं.

या तलावाला एका अंगानं ओढा मिळत असे. मिरगाचा पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं की मोठमोठ्या खवल्यांचे मासे त्याच्या तोंडाशी अंडी घालायला गोळा होत. एकीकडून भोई जाळी लावत, दुसरीकडे शहरातले वकील आणि गिरण्यांतले अधिकारी टांग्यातून येऊन गळ टाकून बसत. पोटात अंडी असलेली मासळी अशी दोन्हीकडून मरताना मी पाहिली आणि मला ते सोसलं नाही.

मी साहेबांपुढे नियम मांडला. जाळी ओढ्याच्या तोंडाशी कायमची बंद. भोयांनी ती बांधाकडे टाकावीत. गळ पावसाळाभर बंद, दसऱ्यानंतर परवान्यावर सुरू. मासे वाचतील आणि हौसही भागेल. साहेबांनी पाठ थोपटली. उंटावरून शेळ्या हाकणं मला तेव्हा फार सोपं वाटायचं.

भोयांत एक म्हातारा होता, त्याचं सगळे ऐकत. मी त्याच्या झोपडीवर गेलो. जाळी हलवायचा नियम सांगितला.

"आमी जाळं काडतो की," तो म्हणाला. "बांदाकडं पानी लई खोल, मासा गावत न्हाय. तरी काडतो. पर ह्ये मासं ऱ्हातील न्हवं, रावसाब?"

"राहतील, मामा. माझा शब्द."

दुसऱ्याच दिवशी त्यानं जाळी हलवली. भोयांनी नियम पाळला. मोडला तो शिकलेल्यांनी. 'गळ टाकण्यास मनाई' अशी मी स्वतः रंगवलेली पाटी होती, तिच्यावर कोट टांगून मंडळी गळ टाकत. मला संताप आला, पण माझ्यासारख्या कारकुनाला वकील काय भीक घालणार?

मग मला घरचं आठवलं. माझे वडील देवळात पुजारी होते. देवळाच्या कुंडातल्या माशांना लोक कणकेच्या गोळ्या घालत, आणि उपाशी माणूससुद्धा त्या माशांना हात लावत नसे. मी ओढ्याच्या तोंडाशी एक गोल धोंडा मांडला, त्याला शेंदूर फासला आणि धुणं धुवायला आलेल्या दोन बायांना सांगितलं, हे देवाचे मासे आहेत. पुढचं मला काहीच करावं लागलं नाही. सोमवारी पाच बाया आल्या, पुढच्या सोमवारी रांग लागली. टाळी वाजवायची आणि गोळी टाकायची, असा प्रघातच पडला. श्रावण सरेपर्यंत मासे टाळी ओळखू लागले. घोटाभर पाण्यात येऊन ते तोंडं उघडून थांबत. एवढ्या भाविकांसमोर गळ काढायची कुणाची छाती नव्हती. मी हुरळून गेलो. बायकोला नेऊन दाखवलं, म्हाताऱ्यालाही बोलावलं. ती उघडी तोंडं बघून तो तसाच मागे फिरला. मला वाटलं, भारावला असेल.

दसरा झाला. श्रावणातली बायांची गर्दी तोवर ओसरली होती. माझ्याच नियमाप्रमाणे मी परवाने लिहून दिले. देवळाच्या कुंडाला दसऱ्यानंतरची सवलत नसते, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

पहिल्या रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा मंडळी काठावर बसली होती. त्यांतल्या एकानं हसत टाळी वाजवली. मासे आले. गळाला कणकेचीच गोळी होती. वाट बघायची गरजच नव्हती. एक काढला की दुसरा तिथंच तोंड उघडून उभा. मी ओरडत धावलो. एका वकिलानं शांतपणे परवाना पुढे केला.

"हे अक्षर आपलंच ना?"

माझंच होतं. पुढचे सगळे रविवार तसेच गेले. मला स्वतःची शिसारी आली, आणि तरी मी रोज कचेरीत जाऊन परवाने लिहीत होतो, कारण नियम होता.

एका रविवारी म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"जाळं दिसलं की मासा पळायचा, रावसाब," तो म्हणाला. "धा गावायचं, पन्नास सुटायचं. तुमी त्येंचं भ्याच काडून घेतलंसा."

पुढच्या मिरगाला ओढा दुथडी भरून आला. बाया आल्या, टाळ्या वाजवल्या, गोळ्या टाकल्या. पाणी हललं नाही. मी साहेबांकडे धरणं धरल्यासारखा बसलो आणि ओढ्याचं तोंड बारमाही, सर्वांनाच बंद असा हुकूम करून घेतला. एकाही परवानेवाल्यानं हरकत घेतली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हुकूम घेऊन मी म्हाताऱ्याच्या झोपडीवर गेलो. वाचून दाखवला: जाळं नाही, गळ नाही, कुणालाही नाही, कधीच नाही. त्यानं मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"ब्येस झालं," तो म्हणाला. "पर आता कुनासाटी?"